नर पाहिजे

ज्वारीचं पान कशानेही लाल होतं. तांबेरा आला तर लाल, करपा आला तर लाल, मावा बसला तर लाल, औषधाचं प्रमाण चुकलं तर लाल आणि बैलाचं शिंग घासलं तरी लाल. पेशींना इजा झाली की त्या जागी तांबडं-जांभळं रंगद्रव्य तयार करून ठेवायचं, हा या पिकाचा कुलाचारच आहे. इजा कोणी केली, हे मात्र ते सांगत नाही. फिर्याद पानावर लाल अक्षरांत लिहिलेली असते, आरोपीच्या नावाची जागा तेवढी कोरी.

आणि कोरी जागा दिसली की ती भरल्याशिवाय मराठी माणसाला जेवण जात नाही.

सोलापूरकडे वैशाखात हिरवं म्हणून जे काही शिल्लक असतं, त्यात कडवळाचा नंबर वरचा. कडवळ म्हणजे जनावरांसाठी दाट पेरलेली ज्वारी. विहिरीला पाणी असेल तोवर ती वाढते, पाण्याला ताण बसला की कण्हायला लागते. यंदा आमच्या तात्यांच्या कडवळाची खालची पानं लाल पडायला लागली आणि गावातल्या बुद्धिमत्तेला एकदम पालवी फुटली.

पहिला दरबार भरला तो अर्थात मारुतीच्या पारावर. तिथे निदान व्हायला पान लागत नाही, वर्णन पुरतं. "तांबेरा हाय ह्यो," असा निकाल तात्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लागला. तांबेऱ्याची परीक्षा सोपी असते: पानावरच्या फोडावर अंगठा घासला की विटकरी भुकटी अंगठ्याला लागते. एकाने पान मागवलं, अंगठा घासला, अंगठा सगळ्यांना दाखवला. अंगठ्याला तंबाखूशिवाय काही लागलेलं नव्हतं. एवढ्यावर तांबेरा रद्द व्हायला हवा होता. पण पारावर एकदा दिलेलं निदान मागे घेण्याची तरतूद नाही. "कोरडा तांबेरा असंल," असं ठरलं. कोरडा तांबेरा नावाचा रोग कुठल्याही पुस्तकात नाही, पण पुस्तकं लिहिणारे पारावर कुठे बसलेले असतात?

दुसरा दरबार मोबाइलवरचा. चुलतभावाने शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत संपूर्ण कडवळ, मागची विहीर, मोटारीची पेटी आणि डाव्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा अंगठा इतकं सगळं आलं होतं. पान तेवढं दिसत नव्हतं. तरी उत्तरं धडाधड आली. एकाने 19:19:19 सोडायला सांगितलं. दुसऱ्याने लोह कमी पडल्याचं सांगितलं. तिसऱ्याने शांतपणे "लष्करी अळी" एवढंच लिहिलं. ही अमेरिकन लष्करी अळी 2018 साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही आली. तेव्हापासून शिवारात काहीही बिनसलं की संशय आधी तिच्यावर जातो. ती पान कुरतडते, पोंग्यात घुसते, भुशासारखी विष्ठा टाकते. आमच्या पानाला भोक नव्हतं, पोंगा शाबूत होता, विष्ठा नव्हती. म्हणजे अळीने काही केलेलंच नव्हतं. पण एकदा पोलिसांच्या यादीत नाव गेलं की गल्लीतल्या प्रत्येक चोरीला तिला उठवून नेणार. चौथ्या उत्तरात उगवता सूर्य होता आणि त्याखाली शुभ सकाळ.

तिसरा दरबार कृषी सेवा केंद्राचा. इथे वेळ फुकट जात नाही. दुकानदाराने पानाकडे पाहिलं नाही, तात्यांकडे पाहिलं. मागच्या हंगामाची उधारी कितपत फिटली आहे ते डोळ्यांनीच मोजलं आणि काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या. "ही मारा, आणि ह्याच्यात हे टॉनिक घाला."

"पण रोग कुठला म्हणायचा?" तात्यांनी विचारलं.

"कुठला का असंना, दोन्हीवर चालतंय."

दोन्ही म्हणजे कुठले दोन, हे विचारायचं तात्यांच्या लक्षात आलं नाही.

तिन्ही दरबारांत एक गोष्ट सारखी होती. पान कोणी उलटून बघितलं नव्हतं.

मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं. शहरातून आलेल्या माणसाच्या खिशात काहीतरी निरुपयोगी असणारच, अशी गावाची अपेक्षा असते. तिला मी जागलो. बांधावर उकिडवा बसलो आणि कडवळाचं खालचं एक पान उलटं केलं. वरून लाल पट्टे दिसत होते, तिथे खालच्या बाजूला मधल्या शिरेलगत धुळीचा एक मळकट पट्टा होता. भिंग लावलं तेव्हा कळलं की धूळ नुसती पडलेली नाही, ती टांगलेली आहे. अतिशय बारीक धाग्यांचं जाळं, त्यात अडकलेली माती, जागोजाग काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी, कात टाकून गेलेल्यांची पांढरी टरफलं आणि या सगळ्यातून हळूहळू सरकणारे ठिपके. एकेक ठिपका अर्ध्या मिलीमीटरहून लहान. त्याला पाय होते, पायांवर केस होते, पाठीवर केस होते आणि खांद्याशी लाल डोळे होते. ठिपका थांबला, तोंड पानात खुपसलं आणि बराच वेळ हलला नाही. जेवत होता.

हा कोळी. जाळं विणणारा, पिकं खाणारा, आणि नेहमीच्या अर्थाने कोळी नसलेला. भिंतीवरचा कोळी धागा काढतो तो पोटाच्या मागच्या टोकातून. हा काढतो तोंडाजवळच्या मिशीवजा अवयवाच्या टोकातून. म्हणजे याचं बोलणं आणि जाळं विणणं एकाच बाजूने चालतं. राजकारणात याला उज्ज्वल भवितव्य होतं, पण तो शेतीत पडला.

जेवण्याची पद्धतही सभ्य. चावायचं नाही, कुरतडायचं नाही. सुईसारखी तोंडं पेशीत घालायची आणि आतला हिरवा ऐवज ओढून घ्यायचा. याच्या एका प्रसिद्ध नातेवाइकावर, म्हणजे दोन ठिपक्यांच्या कोळ्यावर, शास्त्रज्ञांनी घड्याळ लावून बसून मोजलंय: मिनिटाला 18 ते 22 पेशी रिकाम्या. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या ताटाशी बसलेल्या जावयांचाही एवढा वेग नाही. रिकामी पेशी आधी पांढुरका ठिपका होते, ठिपके एकत्र येऊन डाग होतात, आणि मग ज्वारी आपल्या कुलाचाराप्रमाणे लाल होते. सुरुवात खालच्या पानांपासून, पानाच्या बुडापासून, मधल्या शिरेच्या कडेने. ऊन जितकं कडक, हवा जितकी कोरडी आणि पिकाला पाण्याचा ताण जितका जास्त, तितकी यांची भरभराट. थोडक्यात, आपण ज्याला दुष्काळ म्हणतो त्याला हे लोक लग्नसराई म्हणतात.

तात्यांना भिंग दिलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. "आरं तिच्या, चालतंय की हे!" पुढचा प्रश्न चोख होता. "किडा म्हणायचा का ह्याला?"

म्हणता येत नाही. किडीला सहा पाय, याला आठ. कीटक वेगळे, हे वेगळे. म्हणूनच कीटकांसाठी केलेली बरीच औषधं यांच्यावर चालत नाहीत. यांना खास कोळीनाशक लागतं. कृषी विद्यापीठांत मात्र यांचा अभ्यास कीटकशास्त्र विभागातच होतो. कीटक नसलेल्या प्राण्याला कीटकशास्त्रात जागा मिळाली, ती बहुधा राखीव कोट्यातून.

"पाय मोजायचे" हा नियम तात्यांना एकदम पटला. मोजता येतं ते खरं, ही त्यांची जुनी निष्ठा. त्यांनी एका ठिपक्याचे मोजले: आठ. दुसऱ्याचे आठ. तिसऱ्याचे सहा. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दोन पाय लपवले आहेत. अडचण खरी होती. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला सहाच पाय असतात. उरलेले दोन पहिली कात टाकल्यावर मिळतात. म्हणजे हा प्राणी बालपण कीटकाच्या वेषात काढतो. पुढे आणखी दोनदा कात टाकायची, आणि प्रत्येक वेळी आधी काही काळ काहीही न करता निपचित पडून राहायचं. उन्हाळ्यात हा सगळा संसार पंधरवड्याच्या आत आटोपतो. त्यात तीन वेळा पूर्ण विश्रांती. इतक्या सुट्ट्या घेऊन इतकं काम करणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

मादी शेवटची कात टाकायच्या आधी अशी निपचित पडली की नर तिच्यापाशी येऊन बसतो. अंगावर पाय टाकून बसतो. दुसरा नर आला तर पुढच्या पायांनी ढकलाढकली होते. मादी वयात येऊन डोळे उघडते तेव्हा समोर हजर असावं, एवढाच हेतू. आमच्या गावात एस.टी. स्टँडवर कॉलेज सुटायच्या वेळेला हेच चालतं, फक्त तिथे पाय टाकता येत नाहीत.

यातल्या नराची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. मादीचा संयोग झाला नाही तरी ती अंडी घालते, आणि फळ न धरलेल्या त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. फळ धरलेल्यांतून माद्या. म्हणजे प्रत्येक नराला आई असते, बाप नसतो. पण आईला बाप असल्यामुळे आजोबा मात्र असतात. वाऱ्यावर धाग्याला लोंबकळत एखादी एकटी कुमारी मादी नव्या शेतात उतरली, तरी तिचं अडत नाही: आधी नर मुलगे घालायचे आणि पुढचा वंश त्यांच्यापासून चालवायचा. हे मी तात्यांना सांगितलं नाही. पारावर गेलं असतं तर कोळ्यांना गावाने वाळीत टाकलं असतं.

एवढं कळलं तेव्हा माझ्या मते ओळख पुरी झाली होती. कोळी आहे, कीटक नाही. पानाच्या खालच्या बाजूला आहे. पाण्याचा ताण आहे म्हणून वाढला आहे. शेतकऱ्याला याहून जास्त नाव-गाव लागत नाही. पण फोटो भाच्याला पाठवण्याचा मोह मला आवरला नाही. भाचा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे, आणि त्याच्या प्रबंधाचा विषय नेमका गवतवर्गीय पिकांवरचे कोळी. ज्वारी, ऊस, मका, गहू, बांबू ही सगळी त्याच्या लेखी गवतं. दोन मिनिटांत त्याचा फोन आला. आवाजात घाई होती.

"मामा, नर आहेत का बघा."

"म्हणजे?"

"मादीवरून जात ओळखता येत नाही. नर लागतो. आणि तो कुशीवर झोपलेला लागतो."

एखाद्याला वाटेल की मुलगा अभ्यासाने खचला. पण तो खरं तेच सांगत होता. या कुळात जगभर तेराशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या माद्या एकमेकींसारख्या इतक्या की त्यांच्या स्वतःच्या नरांचा गोंधळ होत नाही हेच आश्चर्य. रंगावर जावं तर एकच जात वयाप्रमाणे, खाण्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे रंग बदलते. म्हणून शास्त्रज्ञ आधी पायाच्या टोकाची नखी बघतात: आमच्या ज्वारीवरच्या वंशात ती आकड्यासारखी असते, दोन ठिपकेवाल्याच्या वंशात तिचे केस झालेले असतात. मग गुदद्वाराजवळच्या केसांच्या जोड्या मोजतात: एक की दोन. इथपर्यंत वंश ठरतो. जात ठरवायची तर शेवटचा पुरावा म्हणजे नराचं जननेंद्रिय. ते वर वळतं की खाली, टोकाला गाठ आहे की नाही, गाठीचा कोन किती. आमच्या ज्वारीवरच्या या ऑलिगोनायकस वंशात तर जातींचे गट पाडताना पहिला प्रश्नच वर की खाली, हा असतो. प्रिचर्ड आणि बेकर या दोन अमेरिकन गृहस्थांनी 1955 साली या कुळाचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याची पानंच्या पानं या वळणांच्या आकृत्यांनी भरलेली आहेत. तो ग्रंथ आमच्या काकूंच्या हाती लागला तर देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवला जाणार नाही.

हा अवयव मायक्रॉनमध्ये मोजण्याचा. तो दिसावा म्हणून नराला काचेवर डिंक, ग्लिसरीन आणि क्लोरल हायड्रेटच्या मिश्रणात बसवायचं. क्लोरल हायड्रेट हे एके काळी माणसांना झोप यावी म्हणून देत. इथे ते नर पारदर्शक व्हावा म्हणून घालतात. तो पाठीवर पडला तर उपयोग नाही, पोटावर पडला तर नाही. बरोबर कुशीवर पडला पाहिजे. जरा कलला की गाठीचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की जात बदलते. दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या लाल आणि हिरव्या रूपांवरून शास्त्रज्ञांत अनेक दशकं वाद चालला होता. जाती दोन की एक. गाठी मोजल्या, कोन मोजले, संकर केले, आणि 2013 साली पुन्हा सगळं तपासून एका गटाने मांडलं की दोन्ही एकच. भाऊबंदकीचे दावे आपल्याकडेही इतकेच चालतात, पण तिथे निदान जमीन तरी असते.

हे सगळं कशासाठी, असा तात्यांचा प्रश्न. त्याला उत्तर आहे. अमेरिकेत टेक्सास, कॅन्ससकडे मका आणि ज्वारीवर दोन कोळी येतात. एकाच्या पाठीवरची काळपट छटा दोन्ही कडांनी शेपटाकडे उतरते. दुसऱ्याचे दोन ठिपके पुढच्या अर्ध्यातच थांबतात. पहिला सहसा आधी येतो आणि बऱ्याच औषधांना दाद देतो. दुसरा मागून येतो, जाळं जास्त करतो आणि औषधांना जुमानत नाही. जगभरात 90 हून अधिक औषधांना दाद न दिल्याची त्याची नोंद आहे. तिथल्या शेतकऱ्याने ठिपके नीट पाहिले नाहीत तर पैसे पाण्यात नाही, थेट दोन ठिपकेवाल्याच्या पथ्यावर पडतात. तेव्हा ओळख किती खोल न्यायची, हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं. शेतकऱ्याला कोळी की कीटक एवढं कळलं तर पुष्कळ, कधी ठिपक्यांपर्यंत जावं लागतं. शास्त्रज्ञाला नराच्या टोकापर्यंत. दुकानदाराला काहीच लागत नाही, आणि निर्णय सगळ्यात आधी त्याचा तयार असतो.

भाचा फोनवर सुटला होता. गवतांवरच्या कोळ्यांची एकेक घराणी सांगत होता. गव्हावरचा एक तपकिरी कोळी जाळं विणतच नाही. पुढचे पाय लांबलचक, दिवसा पानावर चरायचं, रात्री उतरून मातीत झोपायचं. त्याच्यात नर जवळजवळ नाहीतच, सगळ्या माद्या, आणि त्यांना नराची उणीव जाणवल्याची नोंद नाही. ("मग त्याची जात कशी ठरवता?" या माझ्या प्रश्नावर भाचा क्षणभर गप्प झाला आणि "त्याला दुसरी लक्षणं आहेत" असं दुखावल्या स्वरात म्हणाला.) उसावरचा एक कोळी पानामागे पांढऱ्या जाळीची छोटी छोटी ठिगळं लावतो आणि ठिगळाखाली राहतो. जपानमध्ये युताका साइतो या शास्त्रज्ञाने बांबूवरच्या आणि तिथल्या उंच गवतावरच्या कोळ्यांचा अभ्यास केला. ते छत विणून त्याखाली अख्खं कुटुंब करून राहतात, शत्रू आला तर आईबाप मिळून हाकलतात, आणि शौचाला घरात ठरलेल्या जागीच जातात. आमच्या तालुक्यातली काही गावं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात अजून एवढ्यापर्यंत पोचलेली नाहीत.

तात्यांना यातलं एकच ऐकू आलं होतं: शत्रू. "मग शत्रू सोडा की ह्याच्यावर."

शत्रू हजर होतेच. त्याच पानावर एक चकचकीत, नासपतीच्या आकाराचा ठिपका धावत सुटला होता. धावणारा तो आपला, सरकणारा तो परका, असा ढोबळ नियम आहे; खाणाऱ्याला घाई नसते, पकडणाऱ्याला असते. हाही एक कोळीच, पण कोळ्यांना खाणारा. शिवाय मोहरीहून लहान, काळा कुळकुळीत असा एक ढालकिडा होता; तो आणि त्याची अळी कोळ्यांवरच जगतात. कोळ्यांचा लाल मखमली नातलग तर सगळ्यांना माहीत आहे. मृग लागलं की पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा मृगाचा किडा, ज्याला पोरं काडेपेटीत घालतात, तोही किडा नव्हे. आठ पायांचा, याच मोठ्या कुळातला, आणि पिकाला हात न लावणारा.

दुकानदाराची पहिली बाटली मारली असती तर यातले सगळे आपले लोक आधी मेले असते. कोळी पानाच्या खाली, वर जाळ्याचं छत. फवारा पडणार वरून. राखणदार गेले, चोर राहिले, की आठ दिवसांत चोरांची जत्रा. अशी जत्रा भरली की दुकानदार दुसरी बाटली देतो. मी गंधकाचं नाव काढलं होतं. पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण बेचाळीस अंश उन्हात ते पानं भाजतं, आणि ज्वारीचं पान भाजलं की काय होतं? लाल.

"मामा, कडवळ कापू देऊ नका, मी उद्या येतो," असं सांगून भाच्याने फोन ठेवला.

आम्ही घरी आलो. काकू इतका वेळ चुलीपुढे होत्या. तात्यांनी त्यांना थोडक्यात परिस्थिती सांगितली: कोळी आहे, दुसरा कोळी त्याला खातोय, नर सापडत नाही, उद्या भाचा येणार. काकूंनी विचारलं, "कडवळ निसवलंय ना?"

निसवलं होतं. कणसं बाहेर पडली होती. कोवळ्या, पाण्याला ताणलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं, ते जनावराच्या जिवावर बेततं. म्हणून निसवेपर्यंत थांबायचं, हे काकूंना कुठल्याही पत्रकाशिवाय माहीत होतं. आणि औषध मारलेली वैरण म्हशीला लगेच घालता येत नाही, हेही. निसवलेलं कडवळ कापायचंच असतं. कापलं की पानं गेली, पानांबरोबर कोळी गेले, बुडख्याला पाणी दिलं की खोडवा फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू, चुलतभाऊ आणि दोन विळे यांनी सगळं कडवळ आडवं केलं.

भाचा अकराच्या एस.टी.ने आला तेव्हा शेतात बुडखे होते. पिशवीत भिंग, बारीक कुंचला आणि सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुप्या. (कुप्या पाहून पारावरच्या दोघांनी त्याची आस्थेने विचारपूस केली.) तो धावत गोठ्यात गेला. म्हशीपुढे गव्हाण भरलेली होती. त्याने गव्हाणीतलं एक पान ओढलं, उलटं केलं, भिंग लावलं. "आहे! नर आहे!" असं तो ओरडला, आणि म्हशीने तेच पान दुसऱ्या टोकाने धरलं. दोघांनीही सोडलं नाही. म्हशीचा जोर जास्त असल्यामुळे निम्मी जैवविविधता तिच्याकडे गेली.

"आजी, हिला जरा बांधा की दुसरीकडं!"

"ती बांधलेलीच हाय," काकू म्हणाल्या.

शेवटी काकूंनी त्याला पेंढीतून वेगळी पानं काढून दिली. दुपारभर तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून कुंचल्याच्या टोकाने ठिपके उचलत होता. माद्या ढीगभर. नर लहान, पोटाकडे निमुळते, आणि मोजकेच.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. वंश ऑलिगोनायकस, यात शंका नाही. जात बहुधा इंडिकस. ब्रिटिश म्युझियमच्या स्टॅन्ली हर्स्टने 1923 साली वर्णन केलेली, ऊस आणि ज्वारीवरची आपली जुनी रहिवासी. पण बहुधाच. कारण काचेवर बसवताना बाकीचे नर बिघडले आणि शाबूत राहिला तो एकटा उताणा पडला. आणखी नर पाठवावेत, कुशीवर झोपलेले असल्यास उत्तम.

तात्यांनी हा निरोप पारावर वाचून दाखवला. त्याचा परिणाम फार खोल झाला. आता गावात कुणाचंही कसलंही पान लाल पडलं, वाळलं, मुडपलं, की जाणकार लगेच तोंड उघडत नाहीत. पान घेतात, उलटं करतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "नर बघितल्याबिगर सांगता येत न्हाई." तांबेऱ्याला नर नसतो, लोहाच्या कमतरतेला तर नाहीच, हे त्यांना सांगायला जाणारा अजून भेटलेला नाही. पानं उलटली जातायत, हीच केवढी प्रगती.

आणि ही बातमी कृषी सेवा केंद्रापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? परवा तात्या वैरणीचं बी आणायला गेले तर काउंटरवर नवी बाटली उभी होती.

"तात्या, ही खास आलीय. फक्त नराची."

"आणि मादीला काय मारायचं?"

"तिला काय नाय लागत. तिच्यासाठी टॉनिक फ्री आहे."